लातूरहून स्कुबाला निघालेल्या नऊ जणांसाठी: विहीर, समुद्र आणि मधला घाट

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं की तुम्ही लातूरचे नऊ मित्र, डिसेंबरात मालवण ठरवताय. शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर गाडी काढायची, शनिवारी सकाळी पोचलं की लगेच स्कुबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं), रविवारी सकाळी अजून एक आणि दुपारी जेवून परत. नवातले सहा विहिरीत पोहायला शिकलेले, तिघांना पोहणंच येत नाही, एकाला लहानपणी दमा होता 'पण आता काही नाही'. आणि प्रश्न असा की तिथं नुसतं ट्राय डाइव्ह, म्हणजे ट्रेनरनं धरून एकदा पाण्याखाली फिरवून आणणं, तेवढंच करावं का डायरेक्ट सर्टिफिकेटचा कोर्सच उरकून टाकावा, म्हणजे पुढच्या वर्षी अंदमानला कामाला येईल.

मी मूळचा अंबाजोगाईकडचा, घर आता संभाजीनगरला, हिवाळ्यात अंदमानात शिकवतो आणि वर्षाकाठी आपल्याकडचे तीन-चार ग्रुप घेऊन जातो. आधी उत्तर देऊन टाकतो मग बाकीचं बोलू: या प्लॅनमध्ये कोर्स बसत नाही, ट्राय डाइव्ह बसतं पण तेही एक दिवस वाढवला तरच. आणि 'आता काही नाही' वाल्या मित्राचं वेगळं, त्याच्यावर खाली सविस्तर येतो. इतक्या वर्षांत मी पाण्याखाली जे काही बिघडताना बघितलं ना, त्यातलं बहुतेक आधी जमिनीवरच बिघडलेलं होतं, झोपेत, जेवणात, फॉर्मवर, नाहीतर ग्रुपमधल्या कोणाच्या तरी लाजेत.

आधी विहिरीचं बोलतो कारण आपल्याकडच्या माणसाची सुरुवात तिथूनच होते. कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधून वरून ढकलून दिलेली पिढी आपली, काका दोर धरून काठावर आणि चार दिवसांनी डबा सुटला की पोरगं तयार. त्या पोहण्याला कोणी कमी लेखलं तर ऐकू नका. खोल काळ्या पाण्याची भीती ज्याची लहानपणीच मेली तो बोटीवरून उलटा पडताना पाय आखडत नाही, शहरातल्या तलावात चार फुटांत शिकलेली पोरं आखडतात. पण विहिरीनं एक सवय अशी लावून ठेवलेली असते की ती स्कुबात बरोबर उलटी पडते. आठवून बघा आपल्याकडं मोठेपणा कशात होता, तर बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायची, जो जास्त दम धरेल तो वस्ताद. आणि स्कुबाचा पहिला नियम काय, तर दम धरायचा नाही. कधीच नाही.

काहून नाही ते समजून घ्या, नुसतं पाठ करून उपयोग नाही. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो, वर एक, १० मीटरला दोन, २० ला तीन. विहिरीत बुडी मारताना तुम्ही हवा वरून भरून नेता, खाली गेल्यावर ती दबून लहान होते आणि वर येईपर्यंत परत होती तेवढी, त्याच्यावर एक घोट जास्त नाही. म्हणून दम धरून आलात तरी वर येताना फुप्फुसाला काही होत नाही. स्कुबात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, तुम्हाला तुम्ही ज्या खोलीला आहात त्या दाबाची हवा देतो. १० मीटरवर छाती भरून घेतली आणि तोंड मिटून वर सुटलात तर तीच हवा वर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघते, आणि छातीत दुप्पट जागा नसते. फुप्फुस फाटतं. लोकांना वाटतं हे लई खोलात होत असेल, तसं नाही, दाब दुप्पट होतो तो पहिल्या १० मीटरातच, म्हणजे उथळ पाणीच जास्त दगाबाज, पूर्ण भरलेली छाती घेऊन दीड मीटरवरून दम धरून वर आलं तरी इजा होऊ शकते. तरण तलावात सुद्धा. आता विहिरीतला गडी घाबरला की काय करतो? तोंड गच्च मिटतो आणि वर पळतो. वीस वर्षांची सवय आहे ती, मी पट्टीचा पोहणारा म्हणणाऱ्यावर माझं लक्ष म्हणूनच जास्त असतं. अशांना मी तलावात वर येताना 'आऽऽ' असा आवाज काढायला लावतो, पूर्ण वेळ. आवाज चालू म्हणजे हवा बाहेर जायलीय. पोरं हसतात पण ते अंगात बसतं.

(आणि एक, त्याला ऑक्सिजनचा सिलेंडर म्हणू नका हो. साधी हवा असते, आपण घेतो तीच, गाळून दाबून भरलेली. ऑक्सिजन हवेत २१ टक्केच असतो. शुद्ध ऑक्सिजन खोलात घेतला तर माणसाला झटके येतात.)

ट्राय डाइव्ह म्हणजे काय ते स्पष्ट सांगतो कारण तिथं भरपूर गैरसमज आहेत. पोहणं आलंच पाहिजे असं नाही, तुमचे तिघंही जाऊ शकतात. खोलीची मर्यादा १२ मीटर आहे पण मालवणात किल्ल्याच्या आसपास तुम्ही त्याच्या बरंच वर राहता. साधारण एका माणसामागं एक ट्रेनर, तो पाठीमागून तुमची टाकी धरून असतो, जॅकेटमध्ये हवा भरायची सोडायची तोच बघतो, तुमचं काम एकच, तोंडातनं शांत श्वास घ्यायचा आणि कान मोकळे करायचे. पहिला श्वास बहुतेकांना जमत नाही, नाक मास्कमध्ये बंद झालेलं असतं आणि डोकं म्हणतं की आता संपलं. दातांनी रबर इतकं गच्च धरतात की बाहेर आल्यावर जबडा दुखतो. मी त्या वेळी माणसाच्या हाताकडं बघतो. माझ्या मनगटावरची बोटं पांढरी पडलेली असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कधीतरी एकेक बोट सैल होतं. तेव्हा मी खाली न्यायला सुरुवात करतो, त्याच्या आधी नाही. ज्या ठिकाणी तासाला किती गिऱ्हाईक काढायचे हे ठरलेलं असतं तिथं या चार मिनिटांनाच कात्री लागते, म्हणून बुकिंग करताना भावात घासाघीस करायच्या ऐवजी हे विचारा की पाण्यात सराव किती वेळ देता, आणि एका ट्रेनरकडं किती माणसं.

ट्राय डाइव्ह झाल्यावर एक रंगीत कागद देतात त्याला लोक सर्टिफिकेट म्हणतात. तो फोटोसारखा जपून ठेवा, पण तो दाखवून अंदमानात तुम्हाला कोणी डायव्हर म्हणून नेणार नाही, तिथं परत पहिल्यापासून.

खरा कोर्स म्हणजे ओपन वॉटर. पाडी, एसएसआय अशा संघटनांचा असतो, त्यांचं कार्ड जगात कुठंही चालतं. वय १० पासून पुढं, मोठ्या माणसाला १८ मीटरपर्यंत परवानगी. थिअरी, मग तलावातला सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, आणि हे सगळं नीट करायचं तर तीन ते चार दिवस लागतात. दोन दिवसांत करून देतो म्हणणारा भेटला तर त्याला नमस्कार करून पुढं चला. इन्स्ट्रक्टरचा नंबर असतो, संघटनेच्या साइटवर टाकून तपासता येतो, विचारायला लाजू नका, चांगला माणूस आपणहून दाखवतो.

कोर्सला पोहण्याची परीक्षा आहे: २०० मीटर न थांबता, कसंही पोहा, वेळेचं बंधन नाही, म्हणजे २५ मीटरच्या तलावात आठ फेऱ्या. नाहीतर मास्क, फिन (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) आणि स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून ३०० मीटर. विहिरीवाले इथं डोकं वर ठेवून हात आपटत का होईना पण काढतात पार. त्यांची विकेट पडते दुसऱ्या परीक्षेत, ती म्हणजे १० मिनिटं नुसतं तरंगायचं. साधी वाटते ना? पण विहिरीत आपण कधी तरंगलोच नाही, उडी मारली, दोन हात मारले की पायरी नाहीतर कपार धरली. पाण्यात काही न करता पडून राहणं हे आपल्याला कोणी शिकवलंच नाही. पाठीवर पडा, कान पाण्यात जाऊ द्या, छाती भरलेली ठेवा, हनुवटी आभाळाकडं. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं केलं तर दोन आठवड्यांत येतं. लातूरला तलावात पाणी असतंय ना आता? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणलेलं गाव तुमचं, तेव्हा तिथल्या एका पोरानं मला स्कुबाचं विचारलं होतं आणि आम्ही दोघंही लई वेळ हसलो होतो.

तलावाच्या सरावात सगळ्यात जास्त जण ज्याच्यावर अडतात ते म्हणजे मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढणं. मुद्दाम पाणी आत सोडायचं, डोळ्यापर्यंत येऊ द्यायचं, मग वरची कड बोटांनी कपाळाला दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकानं हळूच फुंकर मारायची, पाणी खालनं निघून जातं. ऐकायला काही नाही. पण नाकात पाणी शिरल्याबरोबर माणूस उभा राहतो, खोकतो, मास्क काढून फेकतो. माझी एक विद्यार्थिनी होती परभणीची, शाळेत शिकवायची, तिला पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. रात्री हॉटेलात बादलीत तोंड बुडवून, नाक उघडं ठेवून फक्त तोंडानं स्नॉर्केलमधनं श्वास घ्यायचा सराव तिनं तासभर केला म्हणे, दुसऱ्या दिवशी पहिल्या फटक्यात. हा बादलीचा उपाय मी आता सगळ्यांना सांगतो, घरी करता येतो, फुकट आहे. मिशीवाल्यांना जादा टीप, नाकाखालची वरची ओळ थोडी कातरून या, तिथूनच पाणी झिरपतं. पूर्ण काढायची गरज नाही, घाबरू नका.

कोर्स करायचाच असेल तर आपल्याकडच्या माणसाला परवडणारी पद्धत अशी की थिअरी घरी बसून मोबाईलवर, तलावाचा भाग पुण्यात एक-दोन शनिवार-रविवारी, आणि समुद्रातले चार डाइव्ह नंतर अंदमानात किंवा कर्नाटकात मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला. याला रेफरल म्हणतात. तलावाचा भाग झाल्याचा कागद १२ महिने चालतो, तेवढ्यात समुद्र गाठायचा. म्हणजे तिकीट काढून लांब गेल्यावर सुट्टीचे दिवस तलावात घालवावे लागत नाहीत आणि ज्याला हे आपल्याच्यानं होत नाही असं पुण्यातच कळलं त्याचे विमानाचे पैसे वाचले. तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा शिकवायची संस्था आहे, तिथं सरावाचा खोल तलाव आहे, मराठीत शिकायला मिळतं हा मोठा फायदा. इंग्रजीत ओके ओके म्हणणारा माणूस मराठीत 'सर छातीत धडधड व्हायलीय' असं सांगतो, आणि मला तेच ऐकायचं असतं.

आता फॉर्म. प्रत्येक ठिकाणी आजारांचा एक फॉर्म भरून घेतात, दमा, फिट येणं, हृदय, कानाचं ऑपरेशन, फुप्फुसाचा काही त्रास, गरोदरपण वगैरे. एका जरी ठिकाणी 'हो' आलं तर डॉक्टरचं पत्र लागू शकतं, म्हणून लोक सरळ सगळीकडं 'नाही' लिहून मोकळे होतात. तुमच्या मित्राला दमा लहानपणी होता, आता नाही, शक्य आहे, पण दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि हवा आत अडकते, आणि अडकलेली हवा वर येताना काय करते ते वर लिहिलंयच. म्हणून त्यानं निघायच्या आधी छातीच्या डॉक्टरकडं जाऊन फुप्फुसाची तपासणी करून घ्यावी आणि मला स्कुबाला जायचंय हे शब्द वापरून विचारावं. फिट निघाला तर पत्र घेऊन या. नाही निघाला तर किल्ला बघा, बोटीत बसा, जेवण तर मालवणचं आहेच.

फॉर्मचं मी इतकं ताणून काहून धरायलोय ते सांगतो. मी नवीन असताना पहिलाच ग्रुप नेला होता, चौदा जण, त्यात आमचे एक मामा. ज्या सेंटरवर गेलो त्यांनी गाडीतच कागद फिरवले, सगळ्यांनी खाली सही करा म्हणाले, कोणी वाचलं नाही आणि मीही काही बोललो नाही, ती चूक माझीच. मामांना सर्दी होती. सकाळी नाक मोकळं करायची गोळी घेतली आणि कोणाला सांगितलं नाही, कारण पैसे भरलेले आणि भाच्यासमोर नाही कसं म्हणायचं. खाली जाताना कान सुटले, गोळीचा अंमल होता. पाच-सहा मीटरवर पंधरा मिनिटं मस्त फिरले. अंमल उतरला तो खालीच. वर येताना नाकामागच्या पोकळीतली हवा फुगत होती आणि बाहेर पडायची वाट सुजून बंद. वर आले तेव्हा मास्कच्या खालच्या भागात चमचाभर रक्त. बोटीवरचे सगळे गप्प. जीवाला धोका नव्हता, कान-नाक-घसावाल्यानं तीन आठवड्यांत बरं केलं, पण मामी अजून माझ्याशी मोजकंच बोलते. तेव्हापासून सर्दीवाला माणूस मी बोटीत बसवत नाही, पैसे माझ्या खिशातनं परत देतो.

कानाचं थोडक्यात: नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, दुखायच्या आधी, साधारण दर मीटरला. दुखायला लागलं की थांबायचं, जरा वर यायचं, परत करायचं. जोर लावून फुंकायचं नाही, पडदा फाटतो. आणि खुणा. अंगठा आणि बोट जोडून गोल करून दाखवणं म्हणजे ठीक. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. आपली माणसं मासे बघून खुश होऊन अंगठा दाखवतात आणि ट्रेनर इमानदारीनं त्यांना वर घेऊन येतो, मग वर भांडण की माझी वेळ झाली नव्हती. हाताचा पंजा आडवा करून हलवला की काहीतरी बिनसलंय, मग जिथं बिनसलंय तिथं बोट दाखवा.

आता तुमच्या प्लॅनमधली सगळ्यात कच्ची जागा. रात्रभर गाडीत, ढाब्यावर मटण, पाणी कमी कारण सारखी गाडी थांबवावी लागते, त्यात कोणी मागच्या सीटवर बाटली काढली असेल, आणि सकाळी साडेआठला बोटीत. बोट हेलकावे खाते, डिझेलचा वास, अर्धे जण उलट्या करतात आणि मग म्हणतात स्कुबानं त्रास झाला. शुक्रवारी सुट्टी टाका, दिवसा प्रवास करा, रात्री मालवणात झोपा. शनिवारी सकाळी हलकं खा, पोहे, केळी, पाणी भरपूर. ज्याला गाडी लागते त्यानं उलटीची गोळी डॉक्टरला विचारून घ्यावी, आणि घरी एकदा घेऊन बघावी, काहींना लई झोप येते. तंबाखू-गुटखावाल्यांनी तोंड स्वच्छ धुऊन या, ते रबर तुमच्यानंतर दुसऱ्याच्या तोंडात जाणार असतं. आदल्या रात्री दारू नाही. डाइव्ह झाल्यावरची संध्याकाळ तुमची.

आणि परतीचा घाट. हे आपल्याकडं कोणीच विचारत नाही. खाली दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि अंगात मुरतो, वर आल्यावर तो हळूहळू निघून जातो, पण तो पूर्ण निघायच्या आत तुम्ही उंचावर गेलात तर बाहेरचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे व्हायची शक्यता वाढते, सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखं. म्हणून डाइव्हनंतर विमान लगेच पकडायचं नाही, एक डाइव्ह असेल तर निदान १२ तास, जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर १८, मी माझ्या लोकांना पूर्ण २४ थांबवतो. विमान सगळ्यांना माहीत असतं, पण डायव्हिंगच्या हिशेबात ३०० मीटरच्या वर गेलं की ते उंच ठिकाण, आणि आंबोलीचा घाटमाथा त्याच्या दुपटीच्या वर आहे. कोल्हापूर ५०० च्या वर, आपलं लातूर ६०० च्या वर. आपण राहतोच उंचावर! मुंबईची पुस्तकं वाचून हे लक्षात येत नाही, मुंबईवाला समुद्रसपाटीलाच घरी जातो. तुम्ही ट्राय डाइव्हला पाच-सात मीटरवर वीस मिनिटं गेलात तर नायट्रोजन मुळात फार मुरत नाही, धोका अगदी थोडा. पण कोर्सवाले, दिवसाला दोन-तीन डाइव्ह करणारे, त्यांनी शेवटच्या डाइव्हनंतर रात्र किनाऱ्यावर काढल्याशिवाय घाट चढू नये. तुमच्या प्लॅनमधला रविवार सकाळचा डाइव्ह काढून टाका, दोन्ही शनिवारी करा, रविवारी सकाळी आरामात निघा. नंतर सांधे दुखणं, अंगाला मुंग्या, न समजणारा थकवा असं काही झालं तर झोपून काढू नका, डाइव्ह केल्याचं डॉक्टरला आवर्जून सांगा. यावरचा इलाज म्हणजे दाबाची खोली, रिकम्प्रेशन चेंबर, तो सगळीकडं नसतो, म्हणून सेंटरला आधी विचारून ठेवा की सगळ्यात जवळचा कुठं आहे. उत्तर द्यायला जो गडबडतो तिथं मी माणसं नेत नाही.

बोटीत लाइफ जॅकेट घालून बसा, जाताना आणि येतानाही, ओल्या अंगावर नको वाटतं तरी. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघं गेले. डाइव्ह नीट झाला होता त्यांचा.

हवेचा हिशोब कोर्सवाल्यांसाठी देतो, बाकीच्यांनी सोडून दिला तरी चालेल. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी ११ लिटरची, २०० बार (हवेच्या दाबाचं माप, एक बार म्हणजे साधारण एक वातावरण) भरलेली, म्हणजे मोकळी केली तर २२०० लिटर हवा. त्यातले ५० बार राखीव, त्याला हात लावायचा नाही, उरली साधारण १६५० लिटर. वर पाण्याच्या पृष्ठभागावर हळू पोहणारा माणूस मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. १० मीटरवर दुप्पट दाब म्हणून ४०, म्हणजे ४० मिनिटं. २० मीटरवर ६०, म्हणजे २७ मिनिटं. आणि नवीन माणूस घाबरून धापा टाकतो तेव्हा हे निम्म्यावर येतं. माझ्या ग्रुपात सगळ्यात आधी हवा संपते ती जिमवाल्या पोरांची, सगळ्यात शेवटी बायकांची, हा माझा अनुभव आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका. वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा जोरात नाही, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. ती तीन मिनिटं लई मोठी वाटतात.

जोड्या लावताना नवरा-बायको एकत्र द्यायची घाई करू नका. दोघं घाबरट असतील तर एकमेकांकडं बघून जास्त घाबरतात, एक धीट एक घाबरट असेल तर धीट माणूस खाली शिकवायला लागतो. अंगावरचं सोनं, मंगळसूत्र, नथ लॉजवरच ठेवा, कुलपात. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का आधी विचारा. तुमच्या ग्रुपात नाहीत पण पुढं बायकांना न्यायचं असेल तर बाई ट्रेनर आहे का, कपडे बदलायला बंद जागा आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. काही ठिकाणी फोटो चांगला यावा म्हणून माशांना खायला टाकतात, ते नको म्हणा. पोवळ्यांवर उभं राहू नका, हात लावू नका, ते दगड नाहीत.

मालवणला पाणी गोव्यासारखंच थोडं गढूळ, चांगल्या दिवशी सात-आठ मीटर दिसतं, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे भरपूर. पावसाळ्यात बंद असतं, ऑक्टोबर ते मे सीझन. नेत्राणीला पाणी जास्त स्वच्छ पण मुर्डेश्वरहून बोटीनं लांब जावं लागतं, पोट सांभाळा. अंदमानात हॅवलॉक, म्हणजे आता स्वराज द्वीप, तिथं नेमो रीफवर किनाऱ्यावरून चालत पाण्यात जाता येतं, नवीन माणसाला त्याच्याइतकी सोपी जागा नाही. विजयदुर्गसमोर समुद्रात शंभरेक किलोमीटर आत आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखालचं पोवळ्यांचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावानं, व्हिडिओ बघून प्रत्येक ग्रुप मला तिथलं विचारतो. तिचा माथाच वीस मीटरच्या आसपास खोल आहे, म्हणजे ओपन वॉटरवाल्याची हद्द जिथं संपते तिथं ती सुरू होते. निदान ॲडव्हान्स्ड, म्हणजे ओपन वॉटरच्या पुढचा कोर्स करा, तीसेक डाइव्ह जमवा, मग बोलू.

आणि एक विनंती, पैठणच्या नाथसागरात नाहीतर गावच्या विहिरीत सेकंडहँड किट घेऊन स्वतः प्रयोग करू नका. मला वर्षातून एखादा तरी असा फोन येतोच. आत हात दिसत नाही, तळाला जुने दोर, तारा, मोटारीची केबल, आणि वर सांगायला कोणी नाही.

तर तुमच्यासाठी असं. या आठवड्यात दमावाल्या मित्राला डॉक्टरकडं पाठवा. बाकीच्यांनी बादली आणि तरंगणं सुरू करा. तारीख ठरवताना २५ डिसेंबर ते १ जानेवारी सोडून द्या, त्या आठवड्यात मालवणात गाडी लावायला जागा नसते आणि ट्रेनर दिवसभर पाण्यातून बाहेर येत नाहीत, दमलेल्या ट्रेनरच्या हातात स्वतःला देऊ नका. पहिला किंवा दुसरा शनिवार बघा. ग्रुपातल्या कोणाला आदल्या दिवशी सर्दी झालीच तर त्याला काठावर बसवा आणि सगळ्यांचे मोबाईल सांभाळायला द्या.